बुधवारी तोंड बंद

आमच्या घरापासून मला चालत जाता येईल असं एकच ठिकाण आहे, ते म्हणजे शेजाऱ्यांची टपालपेटी. त्यापुढे रस्ता आहे, पण फूटपाथ नाही. कॅरी हे अमेरिकेतलं गाव देखणं आहे. झाडी आहे, तळी आहेत, तळ्यात बदकं आहेत, आणि त्यातलं काहीही बघायचं तर कुणाला तरी गाडी काढावी लागते. मुलगा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला जातो. सून घरीच असते, पण वरच्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून. मी जिना चढले तर हात करून मला परत खाली पाठवते. नातीला मी मराठीत विचारते, ती मला इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचंही समाधान होतं.

म्हणून मला बुधवार हवा असतो. बुधवारी दुपारी आम्ही चौघं बाहेर जेवायला जातो. मी, नागपूरच्या ताई, आणि पुण्याचं एक जोडपं, ज्यांना मी भाऊजी आणि वहिनी म्हणते. नातं काही नाही. इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी ओळख झाली. मी जुड्या वास घेऊन परत ठेवत होते आणि ताई मागे थांबून होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, तुमचं हुंगून झालं असेल तर आम्ही घेऊ का?" तिथून मैत्री झाली.

ताई नागपूरला शाळेत शिकवत होत्या. साठी उलटल्यावर इथे येऊन गाडी शिकल्या. फोन उचलला की "जय भीम" म्हणतात आणि गाडीत बसलं की कुणालाही बोलू देत नाहीत. त्यांचा एक नियम आहे. मोठ्या रस्त्यावर त्या डावीकडे वळत नाहीत. इथे डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या मधून जायचं, आणि ताई म्हणतात की त्यांना अजून नातवाचं लग्न बघायचं आहे. त्यामुळे उजवीकडे वळत वळत जाता येतं तीच हॉटेलं आमची. मेक्सिकन असो, चिनी असो, उडपी असो, उजव्या हाताला आलं की ते चांगलं हॉटेल. भाऊजी पुढे बसतात, कारण त्यांचे गुडघे लांब आहेत. मागे मी आणि वहिनी. वहिनी फार कमी बोलतात. भाऊजी बँकेत होते आणि अजूनही काउंटरच्या आतल्या बाजूने बोलल्यासारखं बोलतात, त्यामुळे वहिनींना कधी जागाच मिळाली नसेल.

या मंडळींत माझं काम काय, तर नावं ठेवणं. ते मला कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं. मी चौथी शिकलेली बाई. मेन्यूकार्डावर चित्रं असतील तर ते मला कळतं, नसतील तर मी ते उलटसुलट करून ताईंकडे देते. गप्पांत भाऊजी व्याजदराबद्दल बोलतात, ताई वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलतात. मला बोलायला एकच विषय, समोरचं ताट. आणि मी काही खानावळ चालवलेली नाही. घरचा स्वयंपाक केला, तोही सासूच्या मते बेताचाच. पण इथे सासू नव्हती, तेव्हा मी तिची जागा चालवली.

मेक्सिकन हॉटेलात मी राजमा कच्चा आहे म्हणाले. उडप्याकडे सांबार कालचं आहे म्हणाले. त्याने शपथ घेऊन आजचं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मग परवाचं असेल. एका बुफेत मी सरळ आत जाऊन आचाऱ्याला कांदा किती परतायचा ते दाखवून आले. तो पंजाबी होता, मी मराठीत बोलत होते, पण हातात उलथनं होतं त्यामुळे त्याला कळलं. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराला कडी होती. मला वाटलं, स्वच्छतेसाठी.

शेवटी झालं ते इटालियन हॉटेलात. मी शेवयांसारखा लांब पास्ता मागवला, म्हणजे चित्रावर बोट ठेवलं. तोंडात घातला तर मधे टणक.

"ताई, याला सांगा, कच्चं राहिलंय."

भाऊजी म्हणाले, "बाई, ते तसंच असतं. दाताला थोडं लागलं पाहिजे, अशी पद्धत आहे त्यांची."

"माझ्या दातांना विचारून पद्धत पाडली का? डाळ अशी राहिली असती तर सासूने ताट भिंतीवर मारलं असतं."

ताट आत गेलं, परत आलं. अजून टणक. पुन्हा आत पाठवलं. तिसऱ्या वेळी आचारी स्वतःच घेऊन आला. आडदांड माणूस, दोन्ही हात गोंदवलेले. त्याने ताट माझ्यासमोर ठेवलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. पास्त्याची पार लापशी झाली होती. मी चमच्याने खाल्ली आणि त्याला अंगठा वर करून दाखवला. तो रागावला नाही. एखाद्याच्या घरी वाईट बातमी कळावी तसा चेहरा करून आत गेला. परतताना मला दाराशी उतरवलं तेव्हा कुणी हातसुद्धा हलवला नाही. मला वाटलं, जेवण जड झालं, झोपा आल्या असतील.

पुढच्या बुधवारी ताईंचा निरोप आला, गाडी सर्व्हिसिंगला टाकली आहे. मी विश्वास ठेवला. मी तयार होऊन, केस विंचरून बसले होते, तशीच उठले आणि सिंकपाशी उभी राहून ताकभात खाल्ला. दुपारी फोन बघते तर भाऊजींचं स्टेटस. भाऊजी प्रत्येक जेवणाचा फोटो स्टेटसला लावतात. फोटोत टेबल, टेबलावर तीन ताटं, तीन ग्लास, आणि कोपऱ्यात वहिनींच्या हिरव्या बांगड्या. सर्व्हिसिंगला गेलेली गाडी वाटेत डोसा खायला थांबली होती.

त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा सर्व्हिसिंग. मग मी फोन लावला.

"जय भीम, बाई."

"ताई, गाडीचं मोठंच काम निघालं वाटतं."

जन्मभर पोरांना खोटं बोलू नका सांगितलेली बाई ती. तिला ते नीट जमत नाही.

"गाडीला काही झालं नाही, बाई. काम तुमचंच निघालं आहे."

"माझं काय निघालं?"

"तुम्ही जेवायला येता का परीक्षा घ्यायला येता, सांगा मला. आम्ही घास तोंडात घातला नाही तर तुम्ही निकाल सांगून राहिल्या. कच्चं आहे, शिळं आहे, खारट आहे. आमच्या जिभेला काही काम ठेवलं का तुम्ही? भाऊजी वेटरच्या नजरेला नजर देत नाहीत. वहिनी म्हणते, तिला स्वप्नात वेटर दिसतात."

"वहिनी असं म्हणाल्या?"

"वहिनी कुठे काय म्हणते? भाऊजी म्हणतात की वहिनी म्हणते."

मला राग आला. पूर्वी राग आला की फोन आपटता यायचा. आता लाल गोल दाबावा लागतो आणि माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तो लाल गोल मला सापडेपर्यंत ताईंचं पुढचं बोलणं मी ऐकून घेतलं, ते बरं झालं.

"हे बघा बाई, मी तुम्हाला एक संधी देते. पुढच्या बुधवारचं एक जेवण. जेवणाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. वाईट नाही, चांगलाही नाही. वेटरला नाही, मालकाला नाही, आम्हाला नाही. जमलं तर मागच्या सीटवरची जागा तुमची. नाही जमलं तर आपली मैत्री फोनवर ठेवू."

मी हो म्हटलं. बाणा वगैरे दाखवायला मी मोकळी होते, पण तो दाखवून मी बुधवारी जाणार कुठे? टपालपेटीपाशी?

आठवडाभर घरी सराव केला. सुनेने उपमा केला, गुठळ्यांसकट. मी गप्प बसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी आमटीला फोडणी जळलेली, तीही गप्प बसून खाल्ली. मुलाने माझ्या कपाळावर हात ठेवून बघितला. सून खाली आली, हेडफोन काढून म्हणाली, "आई, तुम्हाला काही होतंय का? डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ का?" म्हणजे मी रोज किती बोलत असेन ते बघा.

बुधवारी गाडी आली. मी मागे बसले, पट्टा लावला आणि ओठ मिटले. ताईंनी आरशातून बघून विचारलं, "तयारी आहे नं?" मी मान हलवली.

त्या दिवशी जायचं होतं एका नव्या हॉटेलात. ते एका मराठी मुलीने महिन्यापूर्वी उघडलेलं. दातांचा दवाखाना आणि नखं रंगवायचं दुकान यांच्या मधे, उजव्या हाताला. नवरा आयटीत, ही एकटी स्वयंपाक करते, मदतीला एक बाई. आम्ही आत गेलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मुलगी एप्रनला हात पुसत धावत आली.

"या या, काका, काकू! बसा ना. मेन्यू बघूच नका, मी थाळीच लावते. अगदी घरचं आहे सगळं."

चेहरा असा, की परीक्षेचा पेपर देऊन वर्गाबाहेर उभी आहे. ताईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. उगाच. मी काही बोलणार नव्हते.

ताट आलं. दिसायला फार सुरेख. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, दाण्याची चटणी, वरणभात आणि बाजूला दाण्याचा लाडू. बघून मला इतकं बरं वाटलं की आज चांगलं बोलायची बंदी आहे याचंच वाईट वाटलं.

मग मी कोशिंबिरीचा घास घेतला.

खवट कूट जिभेच्या शेंड्याला कळत नाही. काकडी गोड लागते, दही आंबट लागतं, आणि मग घास घशाशी गेला की मागून येतं, जुन्या तेलाच्या डब्याचं झाकण चाटावं तसं. मी मनात म्हटलं, असेल एखादा दाणा. वांगं मोडलं. वांग्याच्या पोटात कूट, तेही खवट. चटणी तर नुसती दाण्याचीच. मराठी माणसाच्या ताटात कूट कुठे कुठे असतं ते मला त्या दिवशी कळलं. वरणभात तेवढा सुटला होता.

मी ताईंकडे बघितलं. ताई वांगं भाकरीखाली सरकवत होत्या. भाऊजींनी चटणी ताटाच्या कडेला नेऊन तिथे तिचा छोटा बांध घातला होता. वहिनी वरणभात कालवत होत्या, हळूहळू, कितीतरी वेळ. म्हणजे तिघांनाही कळलं होतं. आणि तिघंही अधूनमधून माझ्याकडे बघत होते, नळाला पाणी कधी येतं ते बघावं तसे.

मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. "कसं झालंय?"

भाऊजी खाकरले. "चव जरा... म्हणजे वेगळी आहे. नाही का हो?"

"हो काका, आमच्याकडची पद्धत आहे. माझी आई असंच करते."

"हां, हां. पद्धत," म्हणून भाऊजी पाणी प्यायले.

मग ती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

आता काय करावं? तोंड रिकामं असतं तर त्यातून काहीतरी निघालंच असतं. मला दुसरं काही सुचलं नाही, मी भाकरीचा मोठा तुकडा तोडला, त्यावर सगळी चटणी घेतली आणि तोंडात कोंबला. तोंड भरलेल्या माणसाला कुणी बोलायला लावत नाही. मी तिच्याकडे बघून जोरजोरात चावत राहिले.

मुलीचा चेहरा फुलला. "अय्या, काकूंना चटणी फार आवडलेली दिसते!" आणि आत जाऊन वाटीभर घेऊन आली. वाटीभर. माझ्या ताटात पालथी केली.

ती वळल्याबरोबर ताईंनी खालच्या आवाजात म्हटलं, "बाई, बोला नं आता. मी परवानगी देते."

मी मान हलवून नाही म्हटलं.

"काहून?"

मी ओठांवर बोट ठेवलं. दोन बुधवार मला सिंकपाशी उभं राहून ताकभात खायला लावला आणि आता गरज पडली तर परवानगी देतात. मला तेव्हा वाटलं, हा माझा मोठा स्वाभिमान आहे. घरी येऊन विचार केला तर तो निव्वळ आडमुठेपणा होता, आणि त्याची शिक्षा ताटात वाटीभर पडलेली होती. ती मी खाल्ली. खावीच लागली. मुलगी काउंटरमागून बघत होती आणि मी मान वर केली की हसत होती.

लाडूवर आम्ही आलो तेव्हा ती पुन्हा आली. तिला बोलायचं होतं. म्हणाली, "काकू, तुम्ही लोक आलात ते इतकं बरं झालं. मला फार टेन्शन आलं होतं. शनिवारी इथल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचं जेवण माझ्याकडे आहे. हीच थाळी. ते चांगलं झालं तर हॉटेल चालेल, नाहीतर नवरा म्हणतो, बंद करू. आता काकूंनी एवढी चटणी खाल्ली म्हणजे मी निर्धास्त झाले."

भाऊजी लाडूकडे बघत बसले. ताई टेबलाखालून मला लाथ मारत होत्या, आता गप्प बसवायला नव्हे. बोलायचं ठरवलं असतं तरी काय बोलणार होते? एवढी चटणी पोटात गेल्यावर ती खवट आहे असं मी कोणत्या तोंडाने सांगणार?

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "बाळ, दाणे कुठे ठेवतेस?"

आम्ही सगळ्यांनी बघितलं. वहिनींचा आवाज इतका क्वचित येतो की आधी वाटलं, मागच्या टेबलावर कुणी आलं.

"दाणे? गॅरेजमध्ये आहेत, काकू. स्वस्त पडतं म्हणून हॉटेल उघडायच्या आधीच मोठी पोती घेतली आणि एकदम सगळं कूट करून ठेवलं. का?"

"उन्हाळाभर तिथेच होतं?"

"हो."

"इथल्या गॅरेजची भट्टी होते गं. कूट खवट झालंय. वांग्यात, कोशिंबिरीत, सगळ्यात लागतंय. बाकी तुझ्या हाताला चव आहे, भाकरी तर किती मऊ आहे. ते कूट टाकून दे, नवे दाणे आण, आणि थोडं थोडं करून फ्रीजरमध्ये ठेवत जा. शनिवारला अजून वेळ आहे."

झालं. एवढंच. आवाज चढला नाही, सासू निघाली नाही, ताट आत गेलं नाही. मी इतकी वर्षं एवढ्या हॉटेलांत जे भाषण करून केलं नाही ते या बाईने पाण्याचा ग्लास खाली ठेवता ठेवता केलं.

मुलीने भाऊजींच्या ताटाच्या कडेची चटणी बोटावर घेऊन चाखली. पुन्हा चाखली. डोळ्यांत पाणी आलं. "मी रोज तेच खाते ना, माझी जीभच सरावली. मला कळलंच नाही. बरं झालं सांगितलंत, काकू, शनिवारी माझं काय झालं असतं!" तिने वहिनींचे हात धरले. वहिनी लाजल्या. भाऊजींनी छाती पुढे काढली, जणू त्यांनीच सांगितलं होतं.

आणि मग त्या मुलीच्या डोक्यात काहीतरी आलं. ती हळूच माझ्याकडे वळली. माझ्या ताटाकडे बघितलं. लाडू सोडला तर ताट चाटून पुसून स्वच्छ.

"पण या काकूंनी तर..."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पण माझ्या ताटाकडे बघायला लागले.

मुलीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाली, "असू दे हं, काकू. वय झालं की होतं असं. माझ्या आजीची पण चव गेली होती. तिला काहीही वाढलं तरी छानच लागायचं."

मला! ज्या बाईने उडप्याला सांबाराचं वय सांगितलं तिला! माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, धारदार, दोन वाक्यांचं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. जेवण अजून संपलं नव्हतं, लाडू ताटात होता. मी उत्तर गिळलं आणि त्यावर लाडूही गिळला, कारण आता न खाऊन काय उपयोग होता? मुलगी हळहळून म्हणाली, "बघा ना, बिचाऱ्या."

गाडीत बसल्याबरोबर ताई म्हणाल्या, "जमलं बाई तुम्हाला. जागा तुमची. आता बोला काय बोलायचं ते."

मी बोलले. पार्किंगमधून निघाल्यापासून बोलले. कोशिंबिरीपासून सुरू केलं, वांग्यावर आले, कुठल्या घासाला कळलं, घशात कसं लागलं, सगळं सांगितलं. ताईंनी स्वतः घालून दिलेला गाडीत न बोलण्याचा नियम त्या दिवशी मोडला. मी दमून थांबले तेव्हा भाऊजी पुढच्या सीटवरून मागे वळले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण एक विचारू? तुम्हाला खरंच खवट लागलं होतं का?"

"म्हणजे काय! पहिल्या घासाला!"

"मग दुसऱ्यांदा वाटीभर कशी खाल्लीत?"

मी वहिनींकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण खांदे हलत होते. हसत होती बया.

हळदीकुंकवाचं जेवण चांगलं झालं असं ऐकलं. हॉटेल चाललं आहे. आता बुधवारी आम्ही बहुतेक वेळा तिथेच जातो, त्याला तीन कारणं आहेत. उजव्या हाताला आहे, कूट ताजं असतं, आणि मुलगी वहिनींना आत बोलावून कढईतलं चाखायला देते. वहिनी आत जातात, बाहेर येतात आणि आम्हाला सांगतात आज काय घ्यायचं. भाऊजींनी त्यांचा कढईपाशी उभं असतानाचा फोटो स्टेटसला लावला होता. मी तो बघून अंगठा पाठवला, आणि नंतर मला बराच वेळ झोप लागली नाही.

माझी अट एकाच जेवणाची होती. आता मला बोलायला मोकळीक आहे. मी त्या मुलीला केव्हाही सांगू शकते की मला त्या दिवशी सगळं कळत होतं. पण मग ती विचारेल, काकू, कळत होतं तर माझ्या शनिवारच्या जेवणाचं ऐकूनही गप्प का बसलात? त्यापेक्षा चव गेलेली म्हातारी असणं परवडतं.

पण ती मुलगी चांगली आहे, हीच अडचण आहे. चव गेलेल्या माणसाला जेवणात आनंद मिळावा म्हणून तिने माझ्यासाठी वेगळी वाटी सुरू केली. सगळ्यांची वांगी एका रंगाची, माझी लालभडक, आणि मीठ असं की समुद्रात वांगं बुडवून काढावं. पहिल्या वेळी ती समोर उभी राहिली. "आता लागतंय का काही, काकू?" मी म्हटलं, लागतंय. खोटं नव्हतं.

आता आम्ही रीत बसवली आहे. ती पाठमोरी झाली की वहिनी त्यांच्या ताटातलं वांगं गुपचूप माझ्या ताटात टाकतात. माझी वाटी ताई ओढून घेतात, साध्या भातात कालवतात आणि "आम्ही सावजी खाणारे, आम्हाला काय" म्हणत कपाळाचा घाम पुसत संपवतात. भाऊजी दाराकडे लक्ष ठेवतात. मुलगी परत येते तेव्हा माझी वाटी रिकामी असते. तिला इतका आनंद होतो की माझ्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, "काकू, पुढच्या वेळी अजून थोडं मीठ वाढवते हं."